ग्लासातली घाण कोणाची?

बेंगळुरूत वॉटर प्युरिफायर विकायला येणाऱ्यांच्या बॅगेत एक छोटं यंत्र हमखास असतं. प्लास्टिकची डबी, तिच्यातून खाली उतरलेल्या चार दांड्या, दोन लोखंडाच्या आणि दोन अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि वायरीच्या टोकाला पिन. आमच्याकडे आलेल्या पोराने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या संपमधलं (जमिनीखालच्या टाकीतलं), म्हणजे टँकरने आणलेलं बोअरचं पाणी; दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. दोन्हींत दांड्यांची एकेक जोडी सोडली आणि पिन थेट भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात खुपसली.

आमच्या ग्लासात अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर बारीक बुडबुडे धरले. मग लोखंडी दांडीपासून एक हिरवट रेघ खाली ओघळली, पसरली, शेवाळी झाली, करडी झाली आणि बघता बघता गंजाच्या रंगावर आली. वर फेसाची साय. त्याचा ग्लास मात्र नितळ. ‘नोडी (बघा) सर, हेच पिता तुम्ही रोज!’ आईने ‘अगं बाई’ म्हणत तोंडाला पदर लावला.

मी पिन काढायला लावली आणि मिठाची वाटी आणली. ‘उप्पु याके?’ (मीठ कशाला?) असं तो विचारेपर्यंत चिमूटभर मीठ त्याच्या ग्लासात पडलंही होतं. ढवळून पुन्हा वीज सोडली. या खेपेला बुडबुडे लगेच आले, आणि त्याचं ‘शुद्ध’ पाणी आमच्या ग्लासापेक्षाही काळंकुट्ट झालं. पोरगा हसला. त्याला हे ठाऊक असावं असं मला वाटलं. पण टार्गेट त्यालाही असतंच.

ती घाण पाण्यातली नसते, दांडीची असते. नुसतं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. ते काम त्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, करतात. क्षार असले की डबीतून एकाच दिशेने सोडलेला प्रवाह वाहतो, धन बाजूचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं, ऋण बाजूला हायड्रोजन सुटतो, आणि लोखंडाचा हिरवट हायड्रॉक्साइड हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी होतो. आरओने बहुतेक क्षार काढलेले असतात, म्हणून तिथे फारसं काही घडत नाही. (तरीही त्या ग्लासात बोट घालून पाहू नये. पाणी कितीही शुद्ध असो, बोटावर घामाचं मीठ असतं, आणि पलीकडे थेट घरची लाइन.)

टँकर आला की गेटवर जे पेनासारखं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं) मीटर बुडवतात, तेही याच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच की त्यात प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होते, त्यामुळे टोकांवर थर जमत नाही. पण हे मीटर प्रत्यक्षात क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ दरम्यानच्या ठरावीक गुणकाने गुणून पडद्यावर दाखवतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास हलत नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. तीच गत जंतूंची. गटाराचं पाणी झिरपलेली बोअर आणि तेवढेच क्षार असलेली निर्मळ विहीर, दोन्ही या पेनाला सारख्याच.

तरीही २०२४च्या उन्हाळ्यात शहरातल्या अनेक बोअरवेल आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सगळी भांडणं या एका आकड्यावरून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. पण कमी तितकं चांगलं, असं लोक धरून चालतात. मग याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या नॅनो-फॅब्रिकेशन केंद्रासारख्या ठिकाणी चिप धुवायला लागणारं अतिशुद्ध पाणी सर्वोत्तम ठरावं! तशा पाण्याची रोधकता १८ मेगाओम-सेंटिमीटरच्या घरात असते. ते चिपसाठी असतं, पिण्यासाठी नाही.

कावेरीचं पाणी येणाऱ्या घरांतही आरओ लावलेला पाहिला की माझं डोकं फिरतं. ते पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून विजेच्या पंपांनी शहरात आणतात, आणि मग घरातलं यंत्र एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. ५००च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्येच सांगितलं होतं. अशा पाण्याला गाळणी आणि अतिनील दिवा बहुतेक वेळा पुरतो. बोअर-टँकरवाल्यांनी मात्र जंतू आणि नायट्रेट प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होत जातं, आणि तिथे आरओच लागतो.