नाव बदललं, आवाजाचं काय?

बरीच वर्षे झाली त्या गोष्टीला. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावी मी ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. विषय होता, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे प्रश्न. ओसरीवर घोंगडी टाकून एक बाई माझ्याशी बोलायला बसली. तास-दीड तास बोलली. मध्येच रडली, मध्येच खळखळून हसलीही. निघताना मी विचारले, "हे रेडिओवर लावू ना?" ती म्हणाली, "लावा की, ताई. पर नाव नगा सांगू."

मी नाव सांगितले नाही. गावाचे नावही गाळले. कार्यक्रम गाजला, पत्रे आली. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या बाजूला गेले, तेव्हा ती माझ्याशी बोलायला तयार होईना. शेवटी एवढेच म्हणाली, "नाव बदललं तुमी, ताई. आवाज कुटं बदलला?"

आठवडी बाजारात लोकांनी तिला आवाजावरून ओळखले होते. ज्या भावाच्या आधाराने ती राहत होती, त्याने घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून तिच्याशी बोलणे टाकले होते. पोटगीचा दावा चालू होता, त्यात समोरच्या वकिलानेही तो कार्यक्रम काढला. मी कुणाचे वाईट चिंतले नव्हते. उलट तिच्या बाजूनेच बोलत होते. तरी नुकसान झाले ते तिचेच.

आज हे सांगण्याचे कारण असे, की पूर्वी ध्वनिमुद्रण ही आमच्यासारख्या मोजक्या लोकांची मिरासदारी होती. आता ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्याला स्वतःचा पॉडकास्ट काढता येतो. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेला, हवा तेव्हा ऐकता येणारा श्राव्य कार्यक्रम. गावोगावची तरुण मुले असे कार्यक्रम करू लागली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण माणसांच्या गोष्टी सांगताना ज्या चुका आम्ही केल्या, त्या आता अधिक महाग पडतात. रेडिओवरचा शब्द पूर्वी बहुधा एकदा लागला की हवेत विरून जाई. पॉडकास्ट राहतो. एका दुपारी ओसरीवर दिलेला होकार दहा वर्षांनी त्या बाईच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत आडवा येऊ शकतो.

याबाबत कायदा काय सांगतो? लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लागू झाले. दोन्हींत केवळ नावाचा उल्लेख नाही. ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही मजकूर त्यात येतो. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करू नये. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात बालिकेची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले.

माझ्या त्या बाईला हा कायदा लागू नव्हता. पण त्यामागचे तत्त्व तिलाही लागू होतेच. ओळख म्हणजे नुसते नाव नव्हे. आवाज, बोलण्याची लकब, भावंडांची संख्या, 'गिरणीशेजारचे घर' असला एखादा उल्लेखसुद्धा गावाला पुरेसा असतो. शहरातल्या श्रोत्याला ती अनोळखीच राहते. ओळखतात ते नेमके तेच, ज्यांच्यात तिला उद्या राहायचे असते.

पॉडकास्टच्या जगात या प्रश्नाची मोठी चर्चा झाली ती २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या 'एस-टाऊन' या सात भागांच्या मालिकेमुळे. अलाबामा राज्यातल्या वुडस्टॉक या लहानशा गावातले जॉन मॅकलमोर हे जुनी घड्याळे दुरुस्त करणारे विलक्षण बुद्धीचे गृहस्थ. गावातल्या एका कथित खुनाचा तपास करा म्हणून त्यांनीच पत्रकार ब्रायन रीड यांना बोलावले. खून झालाच नव्हता, असे निष्पन्न झाले. मग २०१५ मध्ये मॅकलमोर यांनी आत्महत्या केली आणि मालिका त्यांच्याच आयुष्यावर वळली. त्यांचे एकाकीपण, त्यांचे नातेसंबंध, अगदी ध्वनिमुद्रण बंद ठेवायला लावून सांगितलेली खासगी बाबसुद्धा त्यात आली. रीड यांनी आपली कारणे मालिकेतच दिली : माणूस आता हयात नाही, तो परलोक मानणारा नव्हता, आणि तीच माहिती इतरांकडूनही मिळाली. कार्यक्रम कोट्यवधी वेळा ऐकला गेला, त्याला मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला. पण अनेकांनी विचारले, की ज्याने खुनाच्या तपासासाठी बोलावले, त्याने स्वतःचे अंतरंग उघडे करायला परवानगी कधी दिली होती? पुढे त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने दावा दाखल केला. तो २०२० मध्ये तडजोडीने मिटला.

कार्यक्रम ऐकताना मीही गुंगून गेले होते, हे कबूल करते. धोका इथेच आहे. गोष्ट जितकी सुंदर जमते, तितका ज्याची ती गोष्ट आहे त्या माणसाचा विसर पडतो.

संकलनातही हेच होते. त्या काळी टेप ब्लेडने कापून चिकटवावी लागे. त्या बाईच्या मुलाखतीतले हसू मी कापले आणि हुंदका ठेवला. का? तर विषय दुःखाचा होता आणि तिचे हसणे त्यात 'बसत' नव्हते. खरे तर तिचे हसणे हाच तिचा कणा होता. मी एका हिमतीच्या बाईला अर्ध्या तासात बिचारी करून टाकले. तिच्या एकाही शब्दात बदल केला नव्हता, तरी ते चित्र खोटे होते.

मग करावे काय? मला पुढे ज्याचा उपयोग झाला, ते सांगते. परवानगी एकदा नव्हे, दोनदा मागावी : बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर. कारण काय बोललो, हे माणसाला बोलून झाल्यावरच कळते. 'रेडिओवर लावू का' एवढे विचारणे पुरेसे नाही. हे तुमची सासू ऐकेल, शेजारी ऐकतील, पाच वर्षांनीही ऐकता येईल, असे स्पष्ट सांगावे. आवाज लपवायचा असेल तर यंत्राने तो घोगरा करू नये. पीडित माणूस चोरासारखा वाटू लागतो. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या आवाजात तिचे शब्द वाचावेत आणि तसे श्रोत्यांना सांगावे. आणि जमेल तेव्हा तयार कार्यक्रम तिला आधी ऐकवावा.

यावर पत्रकार मित्र म्हणतात, "असे केले तर उद्या मंत्रीही म्हणतील, आधी ऐकवा." नाही, दोहोंत फरक आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याला जाब विचारायचा असतो. त्याला शब्द मागे घेण्याची मुभा नको. जिच्या हाती काहीच नाही, तिच्याकडे तिची गोष्ट तरी राहू द्यावी.

आणि शेवटी, मायक्रोफोन कुणाच्या हातात, हाही प्रश्न आहेच. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, ते आपली बाजू आपणच मांडायची म्हणून. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावी दलित शेतकरी स्त्रियांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र त्याच वर्षी सुरू झाले. तिथली बोली तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकताना मध्ये कुणी शहरी निवेदक 'त्यांना असे म्हणायचे आहे' असे समजावत बसत नाही. आपण ज्यांना 'आवाज नसलेले' म्हणतो, त्यांना आवाज असतोच. आपला माइक तिथवर पोचत नाही, किंवा पोचला तरी आपल्याला हवे तेवढेच टिपतो.

त्या बाईची ती टेप पुन्हा प्रसारित करायची नाही, असे मी तिला वचन दिले. त्यावर ती पहिल्यांदा हसली. ते हसणे मात्र मी कुठेही मुद्रित केलेले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)