पहिल्या बर्फातली वाट

आपल्या सह्याद्रीत पाऊस पडतो, धुके पडते, कधी गारा पडतात. पण बर्फ पडत नाही. त्यामुळे बर्फातून कसे चालावे, हे आपल्याला ठाऊक नसते. हिमालयात जायचे तर ते शिकून घ्यावे लागते.

उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यात चोपता नावाची लहानशी वस्ती आहे. ती सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे विचार करा! चोपत्याहून तुंगनाथाच्या देवळाकडे दगडांनी बांधलेली पायवाट चढते. वाट चारेक किलोमीटरची, पण चढ जवळजवळ हजार मीटरचा. तुंगनाथ हा पंचकेदारांपैकी एक. दिवाळीच्या सुमारास हे देऊळ बंद होते आणि देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठ गावी नेतात. पुढे बर्फाचे दिवस असतात.

आम्ही चौघे मित्र नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे गेलो. देव नाही तर नाही, डोंगर तरी पाहू, असा बेत होता. सोबत गावातला एक वाटाड्या घेतला. आदल्या रात्रीच पहिला बर्फ पडला होता. बुरांसाच्या झाडांवर पिंजलेला कापूस ठेवावा, तसा तो दिसत होता. आम्ही लहान मुलांसारखे हरखून गेलो.

पण बर्फ जितका नवा तितका फसवा, बरं का! पातळ थराखाली पायऱ्या झाकून जातात. फटींतले पाणी गोठून काचेसारखे गुळगुळीत होते. म्हणून वाटाड्या आधी काठी टेकी, मग पाय टाकी. आम्हीही तसेच करू लागलो.

झाडी होती तोवर वारा लागला नाही. झाडी संपली आणि वारा अंगात शिरू लागला. उंचीवर थंडी का वाढते? हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. शिवाय ती विरळ होते, म्हणून लवकर दम लागतो.

आमच्यातल्या एकाने सुती कपडे घातले होते. चढताना ते घामाने भिजले, पायमोजे बर्फाने भिजले. ओले सुती कापड अंगातली ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. गडी आधी कुडकुडू लागला. मग त्याला कोटाची गुंडी लावता येईना. मग त्याची जीभ जड झाली. तरी तो म्हणे, "मला काही झालं नाही, चला पुढे!"

देऊळ समोर दिसत होते. आमचाही पाय मागे फिरेना. तेव्हा वाटाड्याने आम्हाला दटावले. देव कुठे पळून जात नाही, माणूस मात्र हातचा जाईल, असे तो म्हणाला.

त्याचे खरे होते. अंगातली ऊब फार कमी झाली की डोकेही नीट चालत नाही. म्हणून ज्याला थंडी बाधली त्याचे ऐकू नये. त्याचे कुडकुडणे एकाएकी थांबले, तर बरे वाटले असे समजू नका. तो मोठ्या धोक्याचा इशारा असतो.

आम्ही त्याला खडकाच्या आडोशाला नेले. ओले कपडे काढून कोरडे लोकरीचे घातले. डोक्याला टोपी, हातांत मोजे. थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. कोणी दारू सुचवील, तर ती देऊ नका. दारूने नुसते गरम वाटते. खरी ऊब उलट अंगाबाहेर जाते. तो नीट बोलू लागला, तेव्हा त्याला मधे घेऊन हळूहळू उतरलो. उतरताना पाय जास्त घसरतो. म्हणून कुणी कुणाला मागे टाकले नाही.

तुम्ही जाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. सकाळी लवकर निघा. ऊन उतरले की वितळलेले पाणी पुन्हा गोठते. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा बांधून घ्या. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चाला. आणि परत फिरायची वेळ आली, तर लाज धरू नका.

आमचे तुंगनाथाचे दर्शन राहिले आहे. पुन्हा जाऊ, चौघे मिळून.