खोल्या वारूळवाडीत, बिऱ्हाड मोशीत

वारूळवाडी आणि नारायणगाव यांच्यातली शीव आता बाहेरच्या माणसाला दाखवून द्यावी लागते. पुणे-नाशिक रस्त्यावर एका गावाची दुकानं कुठे संपतात आणि दुसऱ्याची कुठे सुरू होतात, ते कळत नाही. नारायणगावात टोमॅटोचा मोठा बाजार, एसटीचा डेपो, कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र, दवाखाने, बँका. आणि या सगळ्यांसाठी आलेली माणसं राहायला खोली शोधतात ती आमच्या वाडीपर्यंत. हंगामात परराज्यांतले व्यापारी आणि क्रेट भरणारे मजूर येतात. बदलीवर आलेले बँकेतले लोक येतात. आदिवासी पट्ट्यातून, मुलांची शाळा नीट व्हावी म्हणून, आई आणि दोन मुलं असं अर्धं कुटुंब येतं. बिबट्याच्या भीतीनं उसातली वस्ती सोडून गावात आलेली घरंही मी पाहिली आहेत. त्यांच्या लेखी वारूळवाडी हीच चांगली जागा.

आमच्यासाठी ती पुरेनाशी झाली, कारण माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कॉक्लिअर इम्प्लांट झालं. पण शस्त्रक्रियेनंतर खरं काम सुरू होतं: आवाज म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, हे मुलाला पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि त्यासाठी काही वर्षं नियमित स्पीच थेरपी लागते. वारूळवाडीहून पुणं पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. लहान मूल एसटीत झोपून, दमून थेरपीला पोचलं, तर शिकणार काय? मी नर्स आहे, नारायणगावात नोकरी करत होते. पिंपरी-चिंचवडला काम मिळणं अवघड नव्हतं. प्रश्न घराचा होता.

घरातल्या मोठ्यांनी सुचवलं, गावातल्या भाड्यानं दिलेल्या खोल्या विका आणि तिकडे फ्लॅट घ्या. मी नको म्हटलं. का नको, ते आकड्यांतच सांगते, कारण आमच्यासारख्या पुष्कळ कुटुंबांपुढे आज हाच प्रश्न आहे.

टोमॅटोला एका हंगामात चांगला भाव लागला तेव्हा आमच्या ह्यांनी गावठाणातल्या जुन्या जागेवर पाच खोल्या बांधल्या. त्यातली एक वन्संच्या नावे आहे. उरलेल्या चार खोल्यांना बांधकामाचा खर्च दहा लाखांच्या आत आला. भाडं खोलीमागे चार हजार, म्हणजे कागदावर वर्षाला १ लाख ९२ हजार. पण बारा महिने भाडं कधीच धरू नये. टोमॅटो संपला की खोली रिकामी होते, परीक्षा झाल्या की विद्यार्थी जातात. मी दहाच महिने धरते. त्यातून घरपट्टी, पाण्याची मोटर, रंग, पावसाळ्यात गळणारा स्लॅब वजा केला की १ लाख ४० हजारांच्या जवळपास उरतात. जागेची आजची किंमत धरली तर टक्केवारी उतरते, हे खरं. पण ती जागा आम्हाला वाडवडिलांकडून आली आहे, विकत घ्यावी लागलेली नाही.

आता पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीकडचा सत्तर लाखांचा टू बीएचके घ्या. त्याचं भाडं येतं अठरा हजारांच्या घरात, म्हणजे किमतीच्या मानानं वर्षाला तीन टक्के. तोच फ्लॅट विकत घ्यायचा तर चौदा लाख हातचे, बाईच्या नावावर घेतला तरी सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, वर ३० हजार नोंदणी फी. उरलेल्या ५६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या वर जातो. ज्या घरात अठरा हजार देऊन राहता येतं, त्याच घरासाठी हे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून भाड्यानं देण्याच्या घरासाठी वेगळं कर्ज मिळतं. येणाऱ्या भाड्यातून व्याज निघतं का, हे बघून बँक ते देते. आपल्या शहरांत तो हिशेब बहुतेक ठिकाणी जुळतच नाही. भाड्यातून हप्ता फिटेल असं कुणी सांगितलं, तर त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा.

म्हणजे शहरात राहणं किमतीच्या मानानं स्वस्त आणि मालक होणं महाग. आमच्याकडे मालकीची जागा आधीच आहे आणि तिला भाडेकरू आहेत. मग मालकी गावात ठेवावी आणि शहरात भाड्यानं राहावं, असं मी घरात मांडलं. मोशीत वन बीएचके घेतला, भाडं तेरा हजार. खोल्यांचं महिन्याला सरासरी साडेअकरा हजार पडतं. वरचं माझ्या पगारातून जातं. हे शेती बघायला गावातच राहिले आणि जमेल तसे येतात. मुलगा आणि मी थेरपीला वेळेवर पोचतो.

भाड्यानं राहण्याचा आणखी एक फायदा आहे, ज्याची किंमत मला आकड्यात मांडता येत नाही. थेरपीची वर्षं संपली की आम्हाला जागा वेगळी लागेल, कारण शाळा कुठली मिळते त्यावर सगळं अवलंबून आहे. वीस वर्षांच्या हप्त्यात अडकलेल्या माणसाला मुलाच्या मागे घर हलवता येत नाही. आम्हाला करार संपला की हलता येतं.

गावात मात्र हे सहज झालं नाही. खोल्या वडिलोपार्जित जागेवर, आणि सासरे गेल्यावर वाटणी तोंडीच होती. वन्संनी काही मागितलं नव्हतं. पण हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या गप्प आहेत म्हणून तो हक्क संपत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र केलं, एक खोली त्यांच्या नावावर झाली, तिचं भाडं त्यांच्या खात्यात जातं. आज त्या सासरी असूनही आमच्या भाडेकरूंवर त्यांचंच लक्ष असतं. नळ बिघडला तरी फोन आधी त्यांना जातो, मग मला. धाकट्या भावजींची बाजूची जागाही त्याच कागदात मोकळी झाली. बहिणीचा हिस्सा गिळून उभं केलेलं भाड्याचं उत्पन्न मी चांगलं मानत नाही, मग कायदा काही म्हणो.

करारात ढिलाई नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून अमलात आला. लेखी करार नोंदवून घेण्याची जबाबदारी त्यानं घरमालकावर टाकली आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरून सुरुवात होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे आणि नोंदणी आता आधारवर, घरबसल्या होते. मोशीत मी भाडेकरू म्हणून करार मागून घेतला आणि गावात मालकीण म्हणून नोंदवून दिला. भाडेकरूंची माहिती पोलिस ठाण्यातही देते. परराज्यातल्या मजुराला नोंदवलेला कागद मिळाला की त्यालाही आधार वाटतो. रात्रीतून बाहेर काढतील ही भीती राहत नाही.

कराबद्दल थोडक्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतकऱ्याच्या खोल्यांचं भाडंही करमुक्त, असा समज आमच्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून देखभालीपोटी सरसकट तीस टक्के वजा होतात आणि बाकी उत्पन्नात धरली जाते. पुढे कधी दोन वर्षांहून जुनं घर विकून शहरात घर घ्यायचंच ठरलं, तर नफ्याची रक्कम विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातल्यास त्यावरचा भांडवली कर वाचतो; बांधायचं असेल तर तीन वर्षं मिळतात.

रेल्वेच्या भरवशावर प्लॉट घेणाऱ्यांना मात्र सांगावंसं वाटतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावावरून जाणार म्हणून आमच्याकडे पुष्कळांनी मनाशी भाव बांधले. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जीएमआरटीला, अडथळा येईल म्हणून मार्गावरच प्रश्न उभा राहिला. भाडं आजच्या बाजारावर येतं. उद्याच्या रेल्वेवर कुणी भाडं देत नाही.

तुम्हीही गावातली मिळकत भाड्यानं देऊन शहरात जायचा विचार करत असाल, तर फ्लॅट पाहण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. तो मालकीचा पुरावा नव्हे, पण घरपट्टी कुणाच्या नावे आहे ते त्यातून कळतं. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही घ्या. बँकेत तारणासाठी त्याचा उपयोग होतो. आणि त्या कागदांवर बहिणीचं नाव नसेल, तर आधी तिला फोन करा.