एका दिवसाची निवड

इ. स. १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत जर्मनीने नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स हे देश एकापाठोपाठ एक पादाक्रांत केले. ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावरून कसेबसे समुद्रापार निसटले. पुढे चार वर्षे या देशांतील लोक परक्या सत्तेच्या टाचेखाली दिवस कंठीत होते. त्यांना मुक्त करावयाचे, तर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्रचंड सैन्य उतरविणे दोस्त राष्ट्रांना भाग होते.

हे काम किती अवघड आहे, याचा कटू अनुभव त्यांना आला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये सुमारे ६,००० सैनिकांनी फ्रान्समधील द्येप बंदरावर छापा घातला. त्यांत बहुसंख्य कॅनडाचे होते. अवघ्या काही तासांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठार, जखमी किंवा कैद झाले. तटबंदी केलेल्या बंदरावर समोरून चालून जाणे म्हणजे आत्मनाश, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले. म्हणून पुढील स्वारीसाठी नॉर्मंडी प्रांतातील उघडे, वाळूचे किनारे निवडण्यात आले. खाडी सर्वांत अरुंद असलेल्या कॅले येथेच हल्ला होईल, असा जर्मनांचा तर्क होता. रबराचे खोटे रणगाडे उभारून आणि बनावट संदेश पाठवून दोस्तांनी त्यांचा तो समज अधिकच दृढ केला.

स्थळ ठरले, पण दिवस कोणता? वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न फार गुंतागुंतीचा होता. जर्मन सेनापती रोमेल याने किनाऱ्यावर लाकडी खांब आणि लोखंडी अडसर रोवून त्यांतील कित्येकांना सुरुंग बांधून ठेवले होते. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली दडत. तेव्हा नावा आल्या असत्या, तर त्यांच्या चिंधड्या उडाल्या असत्या. याउलट पूर्ण ओहोटीच्या वेळी उतरावे, तर सैनिकांना शत्रूच्या तोफांसमोर वाळूचे लांबच लांब मैदान तुडवावे लागले असते. म्हणून ओहोटी संपून पाणी नुकतेच चढू लागले असेल, ती वेळ साधावयाची होती. त्या वेळी अडसर डोळ्यांना दिसतील, ते उडविता येतील, आणि रिकाम्या झालेल्या नावा चढत्या पाण्याबरोबर परत फिरतील. हे सर्व पहाटेच घडावयास हवे होते. म्हणजे रात्रीच्या अंधारात जहाजे खाडी ओलांडतील आणि उजाडताच त्यांच्या तोफांना नेम धरता येईल. शिवाय आदल्या रात्री विमानांतून हवाई छत्र्यांनी उतरणाऱ्या सैनिकांना चांदणे हवे होते. चंद्र, भरती आणि पहाट या तिघांचा मेळ जून १९४४ मध्ये ५, ६ आणि ७ या तीनच तारखांना बसत होता. त्यानंतर भरतीची वेळ पुन्हा जुळणार होती ती १८ जूनच्या सुमारास. परंतु तेव्हा चांदणे नव्हते.

सरसेनापती आयझेनहॉवर यांनी ५ जून हा दिवस मुक्रर केला. सैनिक जहाजांवर चढले. तोच आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील ब्लॅकसॉडच्या केंद्राने हवेचा दाब वेगाने उतरत असल्याची नोंद पाठविली. आयर्लंड युद्धात तटस्थ होते, तरी हवामानाच्या नोंदी ब्रिटनला पुरवीत असे. वादळ येणार, असे हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी बजावले. ४ जूनच्या पहाटे आकाश जवळजवळ निरभ्र होते. तरीही आयझेनहॉवर यांनी स्वारी एक दिवस पुढे ढकलली. समुद्रात निघालेली जहाजे माघारी बोलाविण्यात आली.

त्या रात्री वारा घोंगावू लागला, पाऊस कोसळू लागला. अशा वेळी स्टॅग यांनी सांगितले, की ६ तारखेला वादळ थोडे निवळेल. मात्र ते फार काळ थांबणार नाही. जावे, तर नावा उलटण्याचे भय; थांबावे, तर दोन आठवड्यांचा विलंब आणि गुपित फुटण्याचा धोका. ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनी निघण्याची अंतिम आज्ञा दिली. त्याच दिवशी त्यांनी एका लहानशा कागदावर एक मजकूर लिहून आपल्या पाकिटात ठेवला. स्वारी फसली तर सैनिकांनी आपले कर्तव्य बजावले आहे, दोष सर्वस्वी आपला एकट्याचा आहे, असा त्याचा आशय होता. मनावरचा ताण एवढा, की त्यावर जूनऐवजी जुलै महिना पडला!

इकडे अशा हवेत कोणी येणार नाही, या भरवशावर रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी जर्मनीस गेला होता.

६ जून रोजी सुमारे ७,००० लहानमोठी जहाजे नॉर्मंडीसमोर उभी ठाकली आणि दिवसभरात जवळजवळ १,५६,००० सैनिक समुद्रातून व आकाशातून उतरले. समुद्र अजून खवळलेलाच होता. ‘ओमाहा’ असे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्याच्या एका भागात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले, आणि तेथेच सर्वांत अधिक रक्त सांडले. त्या एका दिवसात दोस्तांचे ४,४०० हून अधिक सैनिक कामी आले. पुढील लढाईत नॉर्मंडीतील सुमारे २०,००० नागरिकही प्राणांस मुकले. ज्यांच्या मुक्ततेसाठी स्वारी झाली, त्यांनाच ही किंमत मोजावी लागली, हे विसरता येत नाही. पॅरिस २५ ऑगस्टला मुक्त झाले.

स्वारी १८ तारखेच्या सुमारास झाली असती तर? १९ जून रोजी खाडीत भयंकर वादळ उठले आणि ते तीन दिवस थैमान घालीत होते. बंदर हाती नसल्यामुळे दोस्तांनी काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या इंग्लंडहून ओढत आणून नॉर्मंडीत दोन कृत्रिम बंदरे उभारली होती. त्यांपैकी ओमाहाचे बंदर या वादळात मोडून पडले. आरोमांश गावासमोरचे दुसरे मात्र टिकले, आणि त्याच्या काही पेट्या तेथील समुद्रात आजही दिसतात.