नंबर गेल्यानंतरची वर्षं

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियांचा मागोवा घेताना यंत्रांचीच नावं पुढे येतात. मला मात्र खरी कामगिरी वाटते ती शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षानुवर्षं पुन्हा बोलावून तपासणाऱ्यांची.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, आतून-बाहेरून चिरा देऊन मायनस नंबर कमी केले. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी उपसून हा पडदा पारदर्शक ठेवतो आणि एकदा नष्ट झाला की भरून येत नाही. याचं महत्त्व तेव्हा कळलेलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया सुजून धूसर होऊ लागले.

१९७०च्या दशकात मॉस्कोत फ्योदोरोव्ह यांनी चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा फक्त बाहेरून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत या पद्धतीची लाटच आली. तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या मदतीने ‘पर्क’ नावाचा अभ्यास सुरू झाला, त्यात ४३५ रुग्ण होते. ‘हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे’ असं सांगणाऱ्यांना काही सर्जननी कोर्टातही खेचलं. अभ्यास मात्र थांबला नाही. १९९४ साली दहा वर्षांचे निष्कर्ष आले: लांबचं पाहायला चष्मा लागत नाही असे रुग्ण बरेच होते, पण ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकला होता. सहा महिन्यांवर तपासणी थांबवली असती, तर हे कळलंच नसतं.

तोवर लेसर आला होता. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी वाइन व ब्लम यांना दिसलं, की एक्सायमर लेसर आजूबाजूला न भाजता ऊती नेमकी कोरतो. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत तो कॉर्नियावर वापरून पाहिला. पुढे क्रीटमध्ये पाल्लिकारिस यांनी पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर देण्याची पद्धत आणली, तीच लॅसिक. दुखणं कमी आणि नजर दुसऱ्याच दिवशी साफ, त्यामुळे ती झपाट्याने पसरली.

१९९८ साली थिओ जायलर यांनी लॅसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगल्याच्या घटना नोंदवल्या. आज शस्त्रक्रियेआधी कॉर्नियाची जाडी आणि आकार बारकाईने मोजतात, काही जणांना सरळ नकार देतात, त्याच्यामागे हेच अनुभव आहेत. जायलर ज्यात होते त्या ड्रेसडेनच्या गटानेच रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाला बळकटी देणारी क्रॉसलिंकिंगची पद्धत विकसित केली. केराटोकोनसच्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरचे तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. माझ्या मते या सगळ्या काळातल्या उपचारांपैकी सर्वांत मोलाचा हाच, कारण चष्म्यानेही धड दिसत नाही अशा तरुण मुलांची नजर त्याने टिकवली.

तरीही एक प्रश्न फार उशिरा विचारला गेला: तुम्हाला स्वतःला कसं दिसतं? तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्यालाही रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने ‘प्राउल’ अभ्यासांत रुग्णांनाच प्रश्नावली भरायला दिली. समाधानी असलेले ९५ टक्क्यांहून अधिक होते. पण आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक नवा त्रास सांगितला. दैनंदिन कामं फार अवघड झालेले एक टक्क्याहून कमी होते. हे तिन्ही आकडे रुग्णाला एकत्रच सांगायला हवेत.

लेसर करून घेतला असेल किंवा घ्यायचा असेल, तर शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि कॉर्नियाचे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा कॉर्नियाचा आकार बदललेला असल्याने लेन्सचा पॉवर नेहमीच्या हिशेबाने चुकतो, आणि तेव्हा हे कागद डॉक्टरांच्या उपयोगी पडतात.