फुफ्फुसातली बुरशी: दाखल रुग्णांना होणारा अ‍ॅस्परजिलोसिस

मागच्या व्याख्यानात आपण जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाबद्दल बोललो. शेवटी एक प्रश्न आला होता, तो वेळेअभावी राहिला. प्रश्न असा: "रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आमच्या माणसाला दाखल केलं आणि डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात बुरशी झाली. मग हॉस्पिटल अस्वच्छ होतं का?" आज याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

आधी ही बुरशी कोणती ते पाहू. तिचं नाव अ‍ॅस्परजिलस. १७२९ मध्ये मिकेली या इटालियन धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा तिचा आकार दिसला, म्हणून त्याने हे नाव दिलं. माती, कुजणारा पालापाचोळा, साठवलेलं धान्य, ओल आलेली भिंत अशा सगळ्या ठिकाणी ती वाढते. तिचे बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचे, म्हणजे इतके बारीक की थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात. तुम्ही-आम्ही रोज शेकडो बीजाणू श्वासातून आत घेतो. मग आपल्याला काहीच का होत नाही?

कारण आपल्या फुफ्फुसात दोन फळ्या आहेत. पहिली भक्षकपेशींची, त्या बीजाणू गिळून टाकतात. त्यातून एखादा सुटला आणि त्याला तंतू फुटले, तर दुसरी फळी, म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, त्या तंतूंवर तुटून पडते. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटरमागे ५०० च्याही खाली जातात आणि दहा दिवसांहून जास्त तसेच राहिले की दुसरी फळी जवळजवळ उरतच नाही. जास्त डोसची स्टेरॉइड्स दोन्ही फळ्या दुबळ्या करतात. म्हणून अस्थिमज्जा किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, तसंच तीव्र फ्लू किंवा कोविडमुळे आयसीयूत असलेले रुग्ण हे या आजाराचं मुख्य लक्ष्य.

बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात. तिथे गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग मरतो. छातीत दुखणं, थुंकीतून रक्त येणं, हे त्यामुळेच. पण अनेकदा सुरुवातीला एवढंच असतं: ताप, जो चार-पाच दिवस अँटिबायोटिक देऊनही उतरत नाही.

इथेच खरी अडचण सुरू होते. साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. रक्ताच्या कल्चरमध्ये ही बुरशी सहसा वाढत नाही. थुंकीत सापडली तरी ती आजाराची की नुसती वस्तीला आलेली, हे त्यावरून सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावा, तर प्लेटलेट कमी असल्याने रक्तस्रावाची भीती. म्हणून आम्ही सीटी स्कॅन लवकर करतो. गाठीभोवती धूसर वलय दिसलं तर संशय बळावतो. मात्र हे वलय पहिल्या काही दिवसांतच नीट दिसतं, नंतर विरतं. जोडीला गॅलॅक्टोमॅनन ही चाचणी असते. बुरशीच्या भिंतीतला हा पदार्थ रक्तात किंवा दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात शोधतात. संशय पक्का असेल तर सगळे पुरावे हाती येईपर्यंत थांबत नाही, औषध सुरू करतो. थांबण्याची किंमत फार मोठी असते.

आता औषधांकडे वळू. जिवाणूंपेक्षा बुरशीच्या पेशी आपल्या पेशींना जास्त जवळच्या. त्यामुळे तिला मारेल पण आपल्याला इजा करणार नाही असं औषध शोधणं कठीण जातं. फरकाची एक जागा आहे: आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल, तर तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधं इथेच घाव घालतात. जुनं अँफोटेरिसिन-बी मूत्रपिंडाला जड जातं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी व्होरिकोनॅझोल घेणारे ७१ टक्के रुग्ण जिवंत होते, अँफोटेरिसिन घेणारे ५८ टक्के. तेव्हापासून व्होरिकोनॅझोल पहिल्या पसंतीचं झालं. उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतात. प्रत्येकाचं शरीर हे औषध वेगळ्या वेगाने पचवतं, म्हणून रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उपचार नीट लागू पडत असतानाही पहिल्या आठवड्यात स्कॅनमधली गाठ मोठी झालेली दिसू शकते. केवळ तेवढ्यावरून औषध हरलं असं समजू नका.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला, ती बुरशी वेगळी. ती मुख्यतः नाक, सायनस आणि डोळ्यांत होती, पण फुफ्फुसातही होते. तिच्यावर व्होरिकोनॅझोल चालत नाही आणि गॅलॅक्टोमॅनन चाचणीतही ती सापडत नाही. म्हणून "बुरशी आहे" एवढं कळून भागत नाही, कोणती आहे हे कळावं लागतं.

आता मूळ प्रश्न. हॉस्पिटल अस्वच्छ होतं का? बहुधा नाही. बीजाणू बाहेरच्या हवेत सगळीकडेच असतात, काही तर रुग्ण घरूनच घेऊन आलेला असतो. हा आजार एकापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही, त्यामुळे भेटायला जायला घाबरू नका. पण हॉस्पिटलची जबाबदारी संपत नाही. भिंत फोडली, छत उघडलं की धुळीबरोबर बीजाणू उडतात. प्रत्यारोपणाच्या खोल्यांत हेपा फिल्टर आणि बाहेरच्यापेक्षा जास्त हवेचा दाब याच कारणासाठी ठेवतात. तेव्हा दोन गोष्टी बिनधास्त विचारा: वॉर्डाजवळ बांधकाम चालू आहे का, आणि तपासणीसाठी बाहेर नेताना रुग्णाला एन-९५ मास्क देणार का? भेटीला जाताना कुंडी किंवा फुलं नेऊ नका. आणि घरी मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. दोन्ही फळ्या कशाने पडतात हे आता आपल्याला माहीत आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.