रुग्णसुरक्षा कोण पाहते?

उपचारांमुळेच रुग्णाला होणारी इजा टाळणे, हे रुग्णसुरक्षा व्यवस्थापकाचे काम. छोट्या रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र पद बहुधा नसते. ज्येष्ठ परिचारिका किंवा वैद्यकीय अधिकारी आपली ड्यूटी सांभाळून ते करतात.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात या कामातली पहिली अडचण रुग्णाची ओळख पटवण्याची. मेश्राम, आत्राम, मडावी ही गोंड आडनावे घरोघरी, नावेही जुळतात. म्हणून इंजेक्शन, रक्त किंवा शस्त्रक्रियेआधी पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असे दोन पुरावे ताडले जातात. खाटेचा क्रमांक ओळख ठरत नाही, खाट बदलते. ‘तुम्हीच ना अमुक?’ असे विचारले की घाबरलेला माणूस मान डोलावतो, तेव्हा नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. तेलुगू, गोंडी, कोलामी, मराठी, उर्दू, लंबाडी बोलणाऱ्या या मुलखात गोळ्यांची वेळ रुग्णाच्या भाषेत सांगणे हाही सुरक्षेचाच भाग.

इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारखी औषधे दोघांनी तपासून द्यायची. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2008ची तपासणी यादी आहे. जैववैद्यकीय कचरा 2016च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या-डब्यांत वेगळा होतो.

सर्वांत अवघड काम नोंदींचे. थोडक्यात टळलेली चूकही लिहिली जावी, यासाठी दोषी शोधण्याऐवजी कारण शोधले जाते. शिक्षेची भीती असली की वही कोरी राहते. सरकारी रुग्णालयांत या साऱ्याचे मूल्यमापन राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांनुसार होते.